वाट्याबाहेरचा कोंबडा

रविवारची मिस्सा आटोपून बेसिल घोन्साल्विस घरी आला की आधी इस्त्रीची पँट खुंटीला जायची, मग लुंगी यायची आणि मग परसात तपासणी सुरू व्हायची. पाच महिन्यांचा कोंबडा तो दोन्ही पंख दाबून अलगद उचलायचा, त्याचं डोकं स्वतःच्या कोपराखाली सरकवायचा आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या छातीच्या हाडावरून फिरवायचा. हाड सरळ हवं. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं, पण लोण्यासारखं नको. मग पाय. उभा केला की गुडघे एकमेकांना भेटता कामा नयेत. मग डोळा, मग तुरा, आणि शेवटी जमिनीवर सोडून चाल.

"उभे सगळेच चांगले रवतात," तो बायकोला, रीटाला म्हणायचा. "चालायला लागला का कळतं."

यात खोटं काही नव्हतं. नाटकातला राजा सिंहासनावर बसल्यावर कोणीही राजा दिसतो; खरा राजा कळतो तो विंगेतून बाहेर पडून चार पावलं टाकतो तेव्हा.

हे घर दहिसरच्या एका गावठाणात. आजूबाजूला टॉवर इतके वाढलेत की परसात ऊन दहा वाजता येतं आणि तीनला निघून जातं. एके काळी इथे घराघरात डुकरं, बदकं, कोंबड्या असत. आता डुकरांच्या खोपटात लोक स्कूटर लावतात. बेसिल गोरेगावला औषधांच्या कारखान्यात फिटर होता, पस्तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर मित्र क्लबात जाऊन पत्ते कुटू लागले, हा कोंबड्यांकडे वळला. वळला म्हणजे काय, होत्याच त्या. त्याच्या आईच्या. काळ्या अंगावर चुन्याचे शिंतोडे उडवल्यासारख्या, म्हणून गावठाणात त्यांना शिंतोड्या म्हणत. अंडं बेताचं, पण पिवळा बलक असा की आमलेट बघून शेजारी विचारायचे, हळद टाकली का? आई गेली, शिंतोड्या राहिल्या. बाकीच्या घरांनी हळूहळू बाजारातल्या पांढऱ्या कोंबड्यांशी मिसळून आपापल्या जाती घालवल्या. बेसिलने घालवल्या नाहीत. पण गेल्या गणपतीनंतर त्याचा म्हातारा कोंबडा एका सकाळी खुराड्यात पाय ताणून पडलेला मिळाला, आणि मागे राहिल्या तीन कोंबड्या, चार-चार वर्षांच्या. त्यांच्या पोटी शेवटची अंडी होती. म्हाताऱ्याने मरण्यापूर्वी फळवलेली ती अंडी उबवून त्यातून एक चांगला नर उभा राहिला तर जात पुढे जाणार, नाहीतर आईच्या शिंतोड्या इथे संपणार. हिशेब एवढा सरळ होता.

अडचण एकच. तिघींपैकी एकही खुडूक बसेना. अंड्यांवर बसायचं वय त्यांचं निघून गेलं होतं. तेव्हा बेसिल रस्त्यापलीकडच्या चाळीत वनमालाकडे गेला.

वनमाला देवगडकडची. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर लालबाग सोडून दहिसरला आलेली. तळमजल्याच्या खोलीमागे जाळी मारून तिने सात-आठ कोंबड्या पाळल्या होत्या, आणि त्यातली एक तर अशी खुडूक की कांद्यावर बसवली तरी उठायची नाही. बेसिलने चौदा अंडी फडक्यात गुंडाळून नेली.

"वाट्यान देतंय," वनमाला म्हणाली. "अंडी तुझी, ऊब माझी. पिलां अर्धी-अर्धी. आणि पयली निवड माझी."

"खाणं माझं," बेसिल म्हणाला.

"खाणं तुझां. म्हणान तर अर्धी देतंय, नायतर पाऊण घेतलंय असतंय."

कोकणात ही रीत जुनी. तिला कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही. ज्याच्या घरी पिल्लं वाढतात त्याने सगळी दाखवायची आणि ज्याची ऊब असते त्याने आधी उचलायचं, एवढीच तिची दोन कलमं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौदातून नऊ पिल्लं निघाली. उबवणाऱ्या कोंबडीसकट सगळी बेसिलच्या परसात आली. वनमाला येऊन बोटं दाखवून मोजून गेली. आठ आठवड्यांनी तुरे रंगू लागले तेव्हा कळलं की दोन तलंगा आहेत, म्हणजे कोंबड्या होऊ घातलेल्या पोरी, आणि सात नर.

त्या सातांत एक असा होता की बेसिलचा हात पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जायचा. पाय बाकीच्यांपेक्षा दीडपट जाड. छाती रुंद. शिंतोडे इतके बारीक आणि सारखे की आईच्या जुन्या फोटोतला कोंबडा उतरून आल्यासारखा. बेसिलने त्याला उचललं आणि खाली ठेवताना त्याच्या मनात आलं, हा वनमालाच्या डोळ्यांना दिसला तर पहिल्या फटक्यात जाणार. अर्ध्या वाट्याची गोष्ट खरी, पण जात कोणाची? आई कोणाची?

जानेवारीत वनमाला आपली खुडूक कोंबडी परत न्यायला येणार होती. आदल्या दिवशी बेसिलने त्या पिल्लाला उचललं आणि घरामागच्या जुन्या डुकरांच्या खोपटात बांबूच्या डालग्याखाली ठेवलं. वर गोणपाट टाकला.

वनमाला आली, कोंबडी काखेत मारली, पिल्लांवरून नजर फिरवली.

"आठच?"

"एक बोक्यानं नेलं गो. परवा." बेसिलने चेहरा असा पाडला की कुठल्याही दौऱ्यावरच्या नाटक कंपनीने त्याला दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं असतं. "मना लय वाईट वाटलं."

"कंचो बोको?"

"तोच तो, काळा. तुमच्या चाळीतला."

वनमाला "अस्सा" म्हणाली आणि गेली.

रीटा स्वयंपाकघराच्या खिडकीत लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सातवी आज्ञा काय हाय रे, बेसिल?"

"तू लसूण सोल."

"चोरी करू नको. आणि बोक्यावर खोटी साक्ष, ती आठवी. एका पिल्लात दोन आज्ञा. येत्या शनिवारी कन्फेशनला जा, पाद्रीला बी मजा येईल."

तो कन्फेशनला गेला नाही. त्याने खोपटाचं दार नीट केलं, आत जाळी मारली आणि लपवलेल्याला वाढवायला घेतलं. तांदळाची कणी, त्यात सुकटीचा चुरा, आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं, पाण्यात लसणाची पाकळी. बाकीचे सहा परसात जे मिळेल ते उकरत होते, हा आत एकटा राजवाड्यात वाढत होता. फेब्रुवारीच्या अखेरीस तो आरवायला लागला. पण परसात सहा जण गळा काढत असताना सातवा कोण मोजतो? एप्रिलपर्यंत तो असा भरला की बेसिलला दोन्ही हात लागायचे. छातीचं हाड पट्टी लावून आखल्यासारखं. रविवारी शेवटी त्याच्याकडे जायचं आणि उगीच दहा मिनिटं जास्त बसायचं, असं सुरू झालं.

परसातल्या सहांकडे तो आता परीक्षकासारखा बघायचा, म्हणजे ज्याला निकाल आधीच ठाऊक आहे अशा परीक्षकासारखा. एक तांबूस झाक असलेला, दिसायला देखणा, शेपटीचा नुसता कारंजा. एक उंच पण गुडघे चिकटलेले. एक भित्रा. दोन मध्यम, त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. आणि एक बारकासा, ज्याच्या तुऱ्याचा टोकाकडचा तुकडा थोरल्या शिंतोडीने लहानपणीच तोडला होता. म्हाताऱ्या तिघी या पोरांना सोडत नव्हत्या. खाण्यात आधी चोच घातली की टोच. अंगावर धावून आला की टोच. बेसिल म्हणायचा, "म्हाताऱ्या पोरांना जगू देत नाय." त्याला वाईट वाटायचं, आणि मनात समाधानही वाटायचं की आपला एक तरी या छळातून सुटला.

वाटा ठरला ईस्टरनंतरच्या रविवारी. उपासाचे चाळीस दिवस या घरात कोंबड्याला कोणी हात लावत नाही. त्या सकाळी बेसिल मिस्साहून लवकर आला. तांबूस कोंबड्याचा तुरा त्याने ओल्या फडक्याने पुसला आणि वर खोबरेल चोळलं. मग खुर्ची मांडली. वनमाला आली, बसली, रीटाने चहा दिला.

"हा बघ," बेसिलने तांबूस उचलला. "शेपूट बघ. मी बोलतो तुला, असा कोंबडा दहिसरमध्ये नाय. तू हा नेलास तर मी रडेन, पण ने. रीत ती रीत."

वनमालाने तुऱ्यावर बोट फिरवलं आणि बोट नाकाला लावलं.

"तेल लावलंस?"

"नाय गो. जातच तशी चकाकते."

"ह्या जातीक खोबरेलाचो वास येता?"

खिडकीत रीटा खोकली. वनमालाने तांबूस खाली सोडायला सांगितला. तिने एकाही कोंबड्याला हात लावला नाही, ना छाती चाचपली ना पाय बघितले. पिशवीतून मूठभर तांदूळ काढून तिने परसाच्या मधोमध टाकला आणि चहा प्यायली.

तांबूस झेपावला, एका म्हातारीला पंखाने ढकललं आणि गपागप गिळू लागला. उंच त्याच्या मागे. भित्रा कुंपणाशी. तुरा तुटलेला बारका पुढे आला, एक दाणा चोचीत घेतला, खाली टाकला, पुन्हा घेतला, पुन्हा टाकला आणि टुक् टुक् टुक् असं बोलू लागला. थोरली शिंतोडी, जिने त्याचा तुरा तोडला होता तीच, रमतगमत आली आणि त्याच्या चोचीपुढचा दाणा खाऊ लागली. मग दुसरी आली. दोघींची भूक भागल्यावर त्याने स्वतः चोच घातली.

"ह्यो," वनमाला म्हणाली.

"हा?" बेसिलला हसू आवरेना. "अगो, तुरा नाय त्याला धड. वजन बघ."

"माका वजन नको. माका पोरींबरोबर रवणारो होयो."

मग पाळीपाळीने एकेक. बेसिलने तांबूस घेतला, तिने एक मध्यम, असं करत तीन-तीन झाले. तलंगा एक-एक. वनमाला पिशव्या घेऊन रस्ता ओलांडून गेली आणि बेसिलने दार लावून दोन्ही हात वर केले, पडदा पडल्यावर नट विंगेत करतो तसे.

आपल्या वाट्याचे तिघे त्याने आठवड्यात मार्गी लावले. एक चर्चच्या लिलावाला दिला, दोन बहिणीच्या नातीच्या कम्युनियनच्या जेवणात गेले. परसात आता राजाची एन्ट्री व्हायची होती.

सोमवारी सकाळी खोपटाचं दार उघडलं. राजा बाहेर आला, चार पावलं चालला. चाल अशी की बेसिलचा ऊर भरून आला. मग त्याने म्हाताऱ्या कोंबड्या बघितल्या. त्याने आयुष्यात कोंबडी बघितली नव्हती, म्हणजे कळत्या वयात तरी नाही. तो बोलला नाही, नाचला नाही, दाणा दाखवला नाही. सरळ धावून गेला, थोरलीचं मानगूट चोचीत धरलं आणि तिला जमिनीवर रगडलं. ती किंचाळून सुटली तर दुसरीवर. तलंग पेरूच्या झाडावर चढली ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही.

"नवीन हाय," बेसिल म्हणाला. "दोन दिवसांत येईल ठिकाणावर."

दोन दिवसांत थोरलीची पाठ पिसं जाऊन उघडी पडली. बेसिलने हळद लावली, कोंबड्याच्या पायांचे काटे कानशीने घासून बोथट केले, दुपारभर त्याला डालग्याखाली कोंडून बघितलं. बाहेर काढला की तेच. एकदा रीटाच्या बादलीवरही धावून गेला. कोंबड्या दिवसभर धुण्याच्या दगडावर, झाडावर, स्कूटरच्या सीटवर बसून राहायच्या आणि अंधार पडायच्या बेताला पाणी प्यायला उतरायच्या. तिसऱ्या आठवड्यात थोरली कोपऱ्यात मान घालून बसली. चारलेलं गिळेना. गुरुवारी गेली. उरलेल्या दोघींची नऊ अंडी बेसिलने शेजाऱ्याच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. सातव्या दिवशी त्याने डोक्यावर घोंगडी घेऊन एकेक अंडं विजेरीसमोर धरलं. नऊच्या नऊ काचेसारखी स्वच्छ. एकातही जिवाची लाल शीर नाही.

घोंगडीखालून बाहेर येऊन तो पायरीवर बसला. खोपटात एकटा ठेवला, तिथेच त्याची वाट लागली, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. ज्या टोचांतून त्याने त्याला वाचवलं होतं तीच शाळा होती. बाकीचे सहा तिथून शिकून निघाले, आणि त्या सहांतला जो सगळ्यांत जास्त शिकला तो रस्त्यापलीकडे होता.

"जा," रीटा म्हणाली.

"काय बोलू तिला?"

"बोक्यापासून सुरुवात कर."

तो दोन शिंतोड्या आणि तलंग टोपलीत घालून गेला. वनमाला जाळीपाशी पाणी भरत होती. आत तुटक्या तुऱ्याचा कोंबडा कोंबड्यांच्या घोळक्यात उभा होता. अंगाने भरला होता, पण फार नाही. कोंबड्यांच्या पाठी जिथल्या तिथे, पिसंही जागच्या जागी. खिडकीच्या कठड्यावर काळा बोका झोपला होता.

"ये," वनमाला म्हणाली. "टोपलीत काय?"

बेसिल टोपली खाली ठेवून उभा राहिला. संवाद त्याने येताना पाठ केले होते, ते सगळे गेले.

"वनमाला, कोंबडे सात होते."

"ठावक असा."

"कसं?"

तिने बोक्याची मान धरून तोंड उघडून दाखवलं. आत नुसत्या गुलाबी हिरड्या. "दोन वरसां दात नाय तेका. माश्याचो काटो काढून मी भरवतंय. आणि ह्यो तुझां पिल न्हेतलो?"

"तेव्हा बोलली का नाय मग?"

"तूच बोलशीत म्हणान वाट बघी होतंय. चार महिने लावलंस." तिने बोका खाली ठेवला. "आधी तेची माफी माग. गरिबावर आळ घेतलंस."

"बोक्याची?"

"मगे काय माझी?"

बेसिल घोन्साल्विसने इकडेतिकडे बघितलं. चाळीतली दोन माणसं नळावर होती. तो वाकला आणि म्हणाला, "चुकलं रे बाबा." बोक्याने डोळे मिटले. नळावर कोणीतरी हसलं.

मग त्याने सगळं सांगितलं: खोपट, सुकट, थोरली, नऊ अंडी.

"त्या सातव्याला तुझ्या म्हाताऱ्या कोंबड्यांत सोडू?" शेवटी त्याने विचारलं. "शिकेल कदाचित."

"तेच्या वयात? आणि तुझ्या वयात तू शिकलंस?" ती टोपलीचं झाकण काढू लागली. "ह्यांका हयसर ठेव. कोंबडो माझो, अंडी तुझी. पिलां अर्धी, पयली निवड माझी. तो धिप्पाड तवसर तुझ्याकडे रवांदे, पण एकटो. अंडी भरली तर तेचो वाटो करू."

"त्याचा कसला वाटा? आख्खा घे गो तू. मीच लाजतो."

"आख्खो नको. सात होते, साडेतीन माझे. साडेतीनच घेतंय."

"अगो, दंड म्हणून घे."

"मी पोलीस नाय, रे. वाटेकरीण असंय."

तीन आठवडे शिंतोड्या चाळीत राहिल्या. बेसिल रोज सकाळी कणी घेऊन रस्ता ओलांडायचा. पहिल्या आठवड्यात त्या भिंतीला चिकटून असायच्या. दुसऱ्यात तुटक्या तुऱ्याने त्यांना टुक् टुक् करून बोलावलं आणि त्या आल्या. वनमालाची खुडूक पुन्हा खुडूक झालीच होती. तिच्याखाली दहा अंडी गेली. आठव्या दिवशी भर दुपारी वनमालाच्या खोलीत दार लावून, पलंगावरची चादर दोघांनी डोक्यावर ओढून विजेरी लावली. पहिल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा. दुसऱ्यातही. आठ निघाली भरलेली, दोन वांझ.

वनमालाने विजेरी बंद केली आणि म्हणाली, "रविवारी कापूया मगे."

रविवारी बेसिलने तो स्वतः कापला. दुसऱ्या कोणाला बोलवायचं त्याच्या मनात आलं होतं, पण मग त्याने सुरी स्वतःच परजली. पिसं काढल्यावर तो टेबलभर झाला. रीटाने बाटली मसाला घातला, बटाटे घातले, मोठ्या पातेल्यात शिजत ठेवला. दोन तासांनी काटा टोचला, तीन तासांनी पुन्हा. मग दोन डबे मांडले: एक तंगडी इकडे, एक तिकडे, एक पंख इकडे, एक तिकडे. मान मधोमध तोडली. रस्सा पळीने मोजला. त्यातला एक डबा घेऊन बेसिल रस्त्यापलीकडे गेला आणि वीस मिनिटांनी रिकामा डबा घेऊन परत आला.

"काय बोलली?" रीटाने विचारलं.

"मसाला झकास. बटाटा जरा जास्त."

"आणि मटण?"

"वातड, बोलली."

"तू काय बोललास?"

"काय बोलणार? मी अजून जेवलो नव्हतो."

रीटाने ताट वाढलं. बेसिलने क्रॉस काढला, भात कालवला आणि तंगडीचा तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिला. वातड होतं खरं.